सेवेला निघण्याआधीचे आठ आठवडे

समजा, शेवगावच्या एखाद्या तरुण डॉक्टरची किंवा परिचारिकेची पूर्व आफ्रिकेतल्या खेड्यांत होणाऱ्या तीन आठवड्यांच्या आरोग्य शिबिरासाठी निवड झाली. बातमी कळताच घरात धावपळ सुरू होते ती पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाची. मग बॅगा भरल्या जातात. आई शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा बांधून देते. ओळखीचे लोक घरात उरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या आणून देतात, ‘तिकडच्या गरिबांना उपयोगी पडतील’ म्हणतात. लस आणि तपासणी आठवते ती निघायच्या चार दिवस आधी. तोवर उशीर झालेला असतो.

परदेशातल्या गरीब गावांत मदतीला जाणे ही चांगलीच गोष्ट आहे. रोटरीसारख्या संस्थांच्या वैद्यकीय पथकांतून आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’सारख्या संघटनांतून भारतीय डॉक्टर असे काम करतात. पण या कामाची तयारी दुहेरी असते. तिकडचे आजार आपल्याला लागू नयेत ही एक बाजू झाली. आपले आजार त्या गावाला लागू नयेत ही दुसरी. पहिली बाजू बहुतेकांना सुचते, दुसरी फारच थोड्यांना.

सोलापूरहून चीनपर्यंत

सेवेसाठी परदेशी जाण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबई बंदरातून पाच भारतीय डॉक्टरांचे पथक चीनला निघाले. जपानच्या आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला काँग्रेसने पाठवलेली ती मदत होती. पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर असे दोन मराठी डॉक्टर होते. कोटणीस तेव्हा २७ वर्षांचे होते. तिथे गेल्यावर ते चिनी भाषा शिकले, खेडोपाडी हलणाऱ्या रुग्णालयांत त्यांनी शस्त्रक्रिया केल्या आणि पुढे बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले.

हे रुग्णालय ज्यांच्या नावाचे, ते डॉ. नॉर्मन बेथून कॅनडाचे शल्यचिकित्सक होते. १९३९ मध्ये जखमी सैनिकावर शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला कापले. हातात मोजे नव्हते. जखमेतून जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि नोव्हेंबरमध्ये त्यांचा मृत्यू झाला. पेनिसिलिन तेव्हा उपलब्ध नव्हते. डॉ. कोटणीस यांना अपस्माराचे म्हणजे फिटचे झटके येत. कामाचा ताण अखंड होता. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी, त्या आजारानेच त्यांचे निधन झाले.

ते युद्ध होते, त्यांच्यापुढे पर्याय नव्हते. आजच्या स्वयंसेवकापुढे ते आहेत. बोटाएवढ्या जखमेने आणि अंगात असलेल्या जुन्या आजाराने तज्ज्ञ डॉक्टरही गमावले जातात, हे मात्र तेव्हाइतकेच आजही खरे आहे.

आठ आठवडे कशासाठी?

निघण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे, कारण लस टोचली की लगेच संरक्षण मिळत नाही. शरीराला प्रतिपिंडे तयार करायला वेळ लागतो आणि काही लसींचे दोन-तीन डोस अंतराने घ्यावे लागतात.

आफ्रिकेच्या आणि दक्षिण अमेरिकेच्या अनेक देशांत जाताना पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची लस लागते. युगांडासारखे देश तिच्या प्रमाणपत्राशिवाय प्रवेश देत नाहीत. ही लस गावातल्या दवाखान्यात मिळत नाही, ठरावीक अधिकृत केंद्रांवरच मिळते. त्यामुळे शेवगावहून त्यासाठी मोठ्या शहराची वेगळी फेरी धरून ठेवावी. डोस एकच असतो. प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभर ग्राह्य धरले जाते. ही जिवंत विषाणूची लस असल्याने अंड्याची तीव्र अॅलर्जी असलेले, प्रतिकारशक्ती कमी झालेले, गर्भवती आणि ६० वर्षांपुढचे लोक यांनी डॉक्टरांशी बोलूनच निर्णय घ्यावा.

हे प्रमाणपत्र परत येतानाही तपासले जाते. पीतज्वर असलेल्या देशातून त्याशिवाय येणाऱ्याला भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. अनेकांना हा सरकारी जाच वाटतो. त्यामागचे कारण साधे आहे. हा आजार पसरवणारा एडिस डास आपल्याकडे भरपूर आहे, डेंग्यू तोच पसरवतो. पीतज्वराचा विषाणू मात्र भारतात अजून रुजलेला नाही आणि आपल्या लोकांत त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती नाही. एका प्रवाशाच्या रक्तातून तो इथल्या डासांत शिरला तर काय होईल, याची ही काळजी आहे.

बाकीची यादी देशाप्रमाणे बदलते. धनुर्वाताच्या लसीला दहा वर्षे होऊन गेली असतील तर ती पुन्हा घ्यावी. टायफॉइड आणि हेपटायटिस ए दूषित अन्नपाण्यातून होतात, त्यांच्या लसी उपलब्ध आहेत. रुग्णांच्या रक्ताशी संबंध येणार असेल तर हेपटायटिस बी आवश्यकच. तिचे नेहमीचे वेळापत्रक सहा महिन्यांचे असते, म्हणून ती सर्वांत आधी सुरू करावी. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात कोरड्या महिन्यांत मेनिंजायटिसच्या साथी येतात, तिथे त्याची लस घ्यावी. दूरच्या खेड्यात जाणाऱ्याने रेबीजची लस आधीच घेऊन ठेवणे शहाणपणाचे आहे. कुत्रा चावल्यावर लागणारे महागडे सीरम तिथे मिळेलच याची खात्री नसते आणि आधी लस घेतलेल्याला त्या सीरमची गरज पडत नाही. तरीही चावल्याबरोबर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि लसीचे पुढचे दोन डोस घेणे चुकवू नये.

मधुमेह, रक्तदाब, फिट, दमा असे जुने आजार पथकप्रमुखापासून लपवू नयेत. रोजची औषधे मुक्कामापेक्षा दोन आठवडे जास्त पुरतील इतकी, मूळ नावाच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत ठेवावीत. इन्सुलिन विमानाच्या पोटातल्या सामानात टाकू नये, ते गोठून निकामी होऊ शकते.

‘आम्हाला मलेरियाची सवय आहे’

हा गैरसमज जीवघेणा ठरतो. लहानपणी मलेरिया होऊन गेला म्हणून पुढे संरक्षण मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे २६ कोटी ३० लाख लोकांना मलेरिया झाला आणि सुमारे ५ लाख ९७ हजार मृत्यू झाले. त्यांतले ९५ टक्के मृत्यू आफ्रिका विभागात झाले. तिथे फाल्सिपेरम हा घातक प्रकार जास्त आहे आणि आपल्याकडची ओळखीची क्लोरोक्विनची गोळी त्यावर बहुतेक ठिकाणी चालत नाही.

प्रतिबंधक गोळ्या असतात. डॉक्सिसायक्लिन रोज घेतात आणि परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवतात. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा घेतात, पण ती निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू करावी लागते आणि मानसिक आजार किंवा फिट असलेल्यांना चालत नाही. कुणाला कोणती गोळी द्यायची ते डॉक्टरांनीच ठरवायचे असते. विमानातून उतरले की गोळ्या बंद करणे ही नेहमीची चूक आहे. यकृतात दडलेले जंतू त्यानंतरही रक्तात उतरू शकतात. गोळ्या घेतल्या तरी मच्छरदाणी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डास पळवणारे मलम हवेच.

आपण सोबत काय नेतो?

हैतीची गोष्ट प्रत्येक स्वयंसेवकाला सांगायला हवी. जानेवारी २०१० मध्ये त्या गरीब देशात प्रचंड भूकंप झाला. जगभरातून मदत पोहोचली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथे कॉलरा पसरला. त्याआधी किमान शंभर वर्षे हैतीत कॉलऱ्याची नोंद नव्हती. शोध घेतल्यावर माग संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीपाशी पोहोचला. कॉलरा असलेल्या देशातून सैनिक आले होते आणि छावणीतली घाण नदीत मिसळत होती. त्याच नदीचे पाणी लोक पीत होते. पुढच्या वर्षांत आठ लाखांहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे दहा हजार दगावले. या साथीतला आपला वाटा संयुक्त राष्ट्रांनी २०१६ मध्ये मान्य केला.

त्या सैनिकांचा हेतू वाईट नव्हता. कॉलऱ्याचे जंतू पोटात असूनही अनेकांना काहीच त्रास होत नाही, त्यामुळे आपण जंतू नेत आहोत हे त्यांना कळलेही नसेल. म्हणून मुक्कामाच्या जागी शौचालय कुठे आहे आणि त्याचे पाणी कुठे जाते, हा प्रश्न पथकाने पहिल्या दिवशी विचारायचा असतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर निघण्याआधी क्षयरोगाची तपासणी करावी. ताप किंवा अंगावर पुरळ असताना विमानात बसू नये. जुलाब होत असणाऱ्याने शिबिराच्या स्वयंपाकाला हात लावू नये.

औषधांचेही तसेच आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचे प्रांतात सुमारे ४,००० टन औषधे येऊन पडली. त्यांतली बरीचशी निरुपयोगी होती. कित्येक खोक्यांवरची भाषा तिथल्या कुणाला वाचता येत नव्हती. ती नष्ट करणे हाच नवा खर्च झाला. दान दिलेल्या औषधाची मुदत पोहोचल्यानंतर किमान एक वर्ष उरलेली असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. घरातल्या उरलेल्या पट्ट्या गोळा करून नेऊ नयेत. तिकडच्या आरोग्य केंद्राला काय हवे ते आधी विचारावे. जे काम करण्याची परवानगी आपल्याला इथे नाही, ते तिथेही करू नये. विद्यार्थ्याने इथे टाके घालायचे नसतात, तर गरीब देशातल्या रुग्णालाही तोच न्याय लागतो.

धडा जिल्ह्यातच आहे

बाहेरून आलेल्या डॉक्टरांनी गावात काय करावे, याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी १९६० च्या दशकात शेजारच्या नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केले. बरे होऊन घरी गेलेले रुग्ण तोच आजार घेऊन परत येत, हे त्यांनी तिथे पाहिले. पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावकऱ्यांची पहिली गरज पाणी आणि अन्न होती, दवाखाना नंतर. म्हणून विहिरी, पोषण आणि आरोग्य यांचा एकत्र विचार झाला. अक्षरओळखही नसलेल्या गावातल्या बायकांना प्रशिक्षण देऊन आरोग्यसेविका केले गेले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे परदेशांतून लोक जामखेडला शिकायला येऊ लागले आणि त्यांना शिकवणाऱ्यांत गावातल्या या बायकाही असत.

तीन आठवड्यांच्या शिबिरात हजार रुग्ण तपासले, असा आकडा फोटोखाली छान दिसतो. चौथ्या आठवड्यात त्यांतल्या रक्तदाबाच्या रुग्णांना गोळ्या कोण देणार, हे ठरलेले नसेल तर त्या तपासणीला अर्थ उरत नाही. तिथल्या एका आरोग्यसेविकेला एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून जुलाबावरचे पाणी करायला शिकवले, तर ते पथक परतल्यावरही उपयोगी पडते. तिला ते आधीच येत असेल, तर तिच्याकडून आपण काही शिकावे.

परतल्यावरचे एक वाक्य

तयारीचा शेवटचा भाग घरी आल्यावरचा आहे. आफ्रिकेतून परतून दोन आठवडे झाले, पावसाळा आहे आणि शेवगावात ताप आला. अशा दिवसांत आपल्याकडे डेंग्यू, चिकुनगुनिया आणि साधे विषाणुजन्य ताप भरपूर असतात. डॉक्टर तोच विचार करतील आणि पॅरासिटामॉल देऊन दोन दिवसांनी बोलावतील. फाल्सिपेरम मलेरियाला तेवढा वेळ नसतो. एक-दोन दिवसांत तो मेंदूपर्यंत पोहोचू शकतो.

म्हणून परतल्यानंतर तीन महिन्यांत कधीही ताप आला, तर ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात पहिले वाक्य हेच सांगावे: ‘मी अमुक तारखेला आफ्रिकेतून आलो आहे.’ त्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपासून घ्यावे. पहिली तपासणी निर्दोष आली आणि ताप राहिला, तर १२ ते २४ तासांनी पुन्हा, असे तीनदा तपासावे. काही प्रकारचा मलेरिया वर्षभरानेही डोके वर काढतो, त्यामुळे घरच्यांनीही हे वाक्य लक्षात ठेवावे. तापात रुग्णाला बोलता आले नाही, तर ते घरच्यांनाच सांगावे लागते. वेळेवर उपचार झाले तर रुग्ण वाचतो आणि त्याला चावलेल्या इथल्या डासांकडून शेजारपाजारी आजार जाण्याची शक्यताही टळते.

आठ आठवडे आधी सुरू झालेली तयारी परतल्यानंतर तीन महिने चालते. बॅग भरायला बसण्याआधी कॅलेंडरवर या दोन्ही तारखांभोवती गोल करून ठेवावा.