कोटाआडचा कॅमेरा

कॅमेरा दिसला की माणूस चेहरा सावरून बसतो. म्हणूनच छायाचित्रकार वॉकर इव्हान्सने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कॅमेरा कोटाखाली लपवला. चकाकणारे भाग काळे रंगवलेले, लेन्स दोन बटणांच्या फटीतून डोकावणारी, शटरची वायर बाहीतून थेट हातात. समोरच्या बाकावरचे थकलेले, हरवलेले चेहरे जसेच्या तसे उतरले. सांगून काढले असते तर मिळालेच नसते. पण ही चोरी नाही का? आक्षेप रास्तच आहे. माझ्या मते मात्र खरी जबाबदारी फोटो काढण्यापेक्षा तो दाखवण्यात आहे. इव्हान्सचं या फोटोंचं पुस्तक आलं थेट १९६६ साली. उलट आपल्या मोबाइलवरचा अनोळखी चेहरा मिनिटभरात गावभर होतो, आणि त्या माणसाला पत्ताही नसतो.