अकस्मात् बंद पडलेल्या साधनाचें निदान

विद्यार्थिमित्रहो, गुणपत्रकें, हजेरी, ग्रंथालयाची यादी, असे अनेक दप्तरी कागद आतां डेटाबेसांत ठेवितात. 'पोस्टग्रेसक्यूएल' हा असाच एक प्रसिद्ध डेटाबेस. त्याच्या मूळ प्रकल्पास अमेरिकेंत बर्कली येथील विद्यापीठांत १९८६ सालीं आरंभ झाला. टंकलिखित आज्ञांनीं त्याच्याशीं व्यवहार करण्याचें जें साधन, त्यास 'पीएसक्यूएल' म्हणतात.

समजा, आज्ञा लिहितां लिहितां हें साधन एकाएकीं बंद पडलें व पडद्यावर 'सेगमेंटेशन फॉल्ट' एवढेच शब्द उमटले. अर्थ इतकाच कीं, संगणकाच्या स्मृतीचा जो भाग वापरण्याची मुभा नव्हती त्यास प्रोग्रॅमनें हात घातला, म्हणून लिनक्ससारख्या नियंत्रक प्रणालीनें त्यास थांबविलें. नवशिक्यास वाटतें, सर्व माहिती बुडाली! पण माहिती सांभाळणारा सर्व्हर निराळा. पीएसक्यूएल हा केवळ निरोप्या. निरोप्या वाटेंत मूर्च्छित पडला म्हणून कोठारास आग लागत नाहीं. मात्र जे फेरफार 'कमिट' करून कायम केले नव्हते, ते सर्व्हर रद्द करितो. यास्तव पुन्हां जोडणी करून काय नोंदलें गेलें तें आधीं पाहावें.

दुसरी चूक घाईची. सर्व पुसून साधन नव्यानें बसविल्यास दोष कदाचित् जाईल. पण कारण अज्ञातच राहील. म्हणून एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. कोणत्या आज्ञेनंतर दोष घडतो तें लिहून ठेवावें. मग मोठ्या 'एक्स' अक्षराचा पर्याय देऊन, म्हणजे स्वतःच्या आरंभसूचनांची फाईल न वाचतां, साधन सुरू करावें. दोष नाहींसा झाला, तर संशय त्या फाईलीवर. तसें न झाल्यास लहान 'एन'चा पर्याय देऊन ओळ सुधारण्याची सोय बंद करावी. आतां काम सुरळीत चाललें, तर संशय ती सोय पुरविणाऱ्या 'रीडलाईन'सारख्या लायब्ररीवर. कोणत्या लायब्रऱ्या जोडल्या जातात हें 'एलडीडी' ही आज्ञा दाखविते. तेथें विसंगत आवृत्ति आढळल्यास ती बदलावी. इतक्यानेंही उलगडा न झाल्यास 'जीडीबी' ह्या शोधक साधनानें शेवटच्या क्षणीं प्रोग्रॅमचा कोणता भाग चालला होता तें पाहावें, आणि सर्व टिपण आवृत्तीच्या क्रमांकासह कर्त्यांस कळवावें.

पालकांसही एक विनंति: मुलाच्या हातून यंत्र अडलें, तर "काय मोडलेंस?" असें न म्हणतां "काय पाहिलेंस?" असें विचारावें. भ्यालेला मुलगा खूण पुसतो; निर्भय मुलगा ती जपून ठेवितो, आणि खुणेवांचून कारण सांपडत नाहीं.