भिंतीवरचे रंग आणि नेरूरपारचा चित्रकार

मागच्या मासिक बैठकीत आमच्या एका ताईने अंतर्गत कर्ज मागितलं. कशासाठी, तर लेकीच्या चित्रकलेच्या सामानासाठी. शेळीला, शिलाई मशीनला आपण चटकन हो म्हणतो. इथे सगळ्या गप्प. शेवटी एकीने विचारलंच, "चित्रं काढून पोट भरतं काय?"

म्हणून आज प्रभाकर कोलते यांच्याबद्दल सांगतो. त्यांचा जन्म 1946 चा, कुडाळकडच्या नेरूरपारचा. तो भाग आज सिंधुदुर्गात आहे, पण 1981 पर्यंत आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होता, म्हणजे माणूस घरचाच. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून 1968 साली त्यांनी पदविका घेतली आणि 1972 ते 1994 तिथेच शिकवलं. बावीस वर्षं पगाराची नोकरी आणि सोबत स्वतःची चित्रं. ही चित्रं पुढे परदेशातल्या प्रदर्शनांतही लागली.

त्यांचे गुरू शंकर पळशीकर. दुसरा प्रभाव पॉल क्ले या चित्रकाराचा. क्लेचा जन्म स्वित्झर्लंडचा. जर्मनीतल्या बाऊहाऊस या कलाशाळेत तोही दहा वर्षं मास्तर होता. तो वारला 1940 साली, कोलते जन्मायच्या आधी. म्हणजे ही शिकवणी झाली ती नुसती चित्रं बघून.

कोलत्यांच्या चित्रात झाड, घर, माणूस शोधू नका. त्याला अमूर्त चित्र म्हणतात. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा बघितलं तेव्हा आम्हालाही काही कळलं नाही. मग आपल्या भिंती आठवल्या. गणपती आले की आपण भिंतीला रंग काढतो. यंदा पिवळा, त्याखाली मागचा हिरवा, त्याखाली निळा. पावसाळ्यात पोपडा उडाला की खालचा निळा डोकावतो. कोलत्यांचं चित्र काहीसं तसंच. वर एकाच रंगाचा मोठा पसारा, आणि त्यातून खालचे आकार, खालचे रंग मध्येच दिसतात. आपण पोपडा बघून कपाळाला आठ्या घालतो. ते तिथेच थांबून बघतात.

आता त्या मुलीचं. ती आठवीत आहे. शाळेतून एलिमेंटरी आणि मग इंटरमिजिएट, या दोन सरकारी चित्रकला परीक्षा देता येतात. इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली तर दहावीला 7 वाढीव गुण, बी ला 5, सी ला 3. पुढे कलाशिक्षक पदविका आहे, आणि कलामहाविद्यालय तर चिपळूण तालुक्यात सावर्ड्यालाच आहे. शाळांत कलाशिक्षकांच्या जागा थोड्या असतात, हेही आम्ही त्या ताईला सांगितलं.

कर्ज मंजूर झालं. रंगपेटी, कागद, पॅड आणि परीक्षेची फी, एवढ्यापुरतं. हप्ता शिलाई मशीनवाल्या ताईंसारखाच, दर महिन्याच्या बैठकीत. विचारणारी ताई म्हणाली, "गणपतीला आमच्या मखराची भिंत तिलाच रंगवायला देते. पैसे देऊन हां!"