अर्ध्या सेकंदाचा खेळ 🏏

क्रिकेटच्या व्हिडिओ गेममध्ये प्रत्येक चेंडू सीमापार जायला लागला की मजा संपते. खरी फलंदाजी गेममध्ये उतरवायची तर आधी मैदानावरचं गणित समजून घ्यावं लागतं.

⏱️ वेळ : दोन्ही पॉपिंग क्रीजमधलं अंतर 17.68 मीटर. ताशी 140 किमी वेगाचा चेंडू ते साधारण अर्ध्या सेकंदात कापतो. म्हणून टायमिंग म्हणजे नुसतं बटण दाबणं नव्हे; चेंडूचा टप्पा ओळखून पुढे जायचं की मागे, हा निर्णय खेळाडूनं आधी घ्यायला हवा. 2014 च्या ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट 14’ मध्ये पायांची हालचाल एका स्टिकवर आणि फटका दुसऱ्या स्टिकवर होता. ही विभागणी मला फार आवडते.

🏏 कड : बॅटची रुंदी जास्तीत जास्त 10.8 सेंमी. चेंडू बॅटच्या मध्यावर लागला की कडेला, हे गेमनं खरंच मोजलं, तर स्लिपमधला झेल फाशांवर ठरत नाही, चुकीतून येतो.

🌀 स्विंग : शिवण तिरकी ठेवली की चेंडूच्या दोन्ही बाजूंनी हवा वेगवेगळी वाहते आणि चेंडू शिवणीच्या दिशेनं वळतो. जुन्या, एका बाजूनं खरबरीत झालेल्या चेंडूवर वेग असेल तर तो उलटाही वळतो. म्हणजे गेमला चेंडूचं वय लक्षात ठेवावंच लागतं.

बाद झाल्यावर ‘चूक माझीच होती’ असं वाटायला लावतो, तोच खरा क्रिकेट गेम. तुमचा आवडता कोणता? ❤️