सही न केलेला जामीनदार

आमच्या आळीत कॉट बेसिसवर राहणारा, चाकणच्या कारखान्यात ट्रेनी असलेला एक मुलगा एका रात्री दारात उभा राहिला. "काका, तुम्ही बँकेत होता ना? जरा हे बघा." हातात मोबाइल. पडद्यावर एकच मजकूर : हप्ते थकले आहेत, कर्ज देणाऱ्या कंपनीशी संपर्क साधा. बाकी सारे बंद.

खोलीतल्याच एका मुलाकडून त्याने तो सहा हजार रोख देऊन घेतला होता. पावती नाही, बिल नाही. विकणारा कंत्राट संपल्यावर गावी निघून गेलेला. आईचा फोन, पगाराचा मेसेज, मेसचे पैसे, सगळे त्या काचेआड अडकले होते.

बँकेत असताना ट्रॅक्टरला कर्ज दिले, तर बोजा सातबाऱ्यावर चढे. मोटारसायकलच्या आर.सी. बुकावरही तारणाची नोंद असते. घेणारा कागद पाहून सावध होतो. मोबाइलला असा कागद नाही. त्याचा बोजा त्याच्या पोटातच दडलेला असतो आणि पैसे देऊन झाल्यावर बाहेर येतो.

फोनला बांधून ठेवणे तसे जुनेच. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपयांत फोन हाती दिला, तेव्हा घरोघर आनंद झाला. त्या फोनात सिमकार्ड नव्हतेच. नंबर यंत्रातच लिहिलेला. कंपनी सोडायची तर फोनही सोडायचा. २०१७ चा जिओफोन १,५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर आला, तोही जिओच्याच कार्डावर चालणारा. अमेरिकेत तर कंपन्या फोन स्वस्तात देऊन आपल्या जाळ्याला बांधत. भाच्याने हौसेने पाठवलेला फोन इथले कार्ड ओळखतच नसे. तिथे ग्राहकांनी ओरड केली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये असे कुलूप काढून घेण्याचा हक्क कायद्याने मान्य झाला.

कुलपे मात्र सारखी नसतात. जाळ्याचे कुलूप ती मोबाइल कंपनीच येणे फिटल्यावर उघडते. खात्याचे कुलूप आधीच्या मालकाच्या पासवर्डाने. कर्जाचे, कर्ज देणाऱ्याने. चोरीचा फोन मात्र सरकारच्या केंद्रीय नोंदवहीतून बंद होतो. ही सोय महाराष्ट्रात सप्टेंबर २०१९ मध्ये आली, देशभर मे २०२३ मध्ये. बाजारात "सॉफ्टवेअर मारून देतो" म्हणणारे भेटतात. पण फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक बदलणे हा गुन्हा आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

म्हणून पैसे देण्यापूर्वी पाच मिनिटे द्यावीत. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की तो क्रमांक दिसतो. के-वाय-एम ही इंग्रजी अक्षरे, एक जागा आणि तो क्रमांक असा संदेश १४४२२ वर पाठवला की फोन काळ्या यादीत आहे का ते कळते. आपले कार्ड घालून फोन लावून पाहावा. मालकाने समोर आपले खाते काढून फोन कोरा करून द्यावा. बिल मागावे, आणि हप्त्याचा फोन असेल तर कर्ज फिटल्याचा दाखलाही. देणारा कां-कूं करू लागला, तर उठावे.

मुलाचे पुढे काय झाले? विकणाऱ्याचा पत्ता लागला. तो लबाड नव्हता. काम सुटले, खोलीचे भाडे थकले, म्हणून फोन विकला, एवढेच. उरलेले तीन हप्ते या पोराने त्याच्या नावावर भरले आणि कुलूप उघडले. हिशेब केला तेव्हा नव्या फोनाएवढाच खर्च झाला होता.

मित्राच्या कर्जाला जामीन राहून पुढे स्वतः हप्ते भरणारी माणसे मी बँकेत पुष्कळ पाहिली. पण त्यांनी निदान सही तरी केलेली असे.