सातारा व सांगली प्रांतांतील मिशनरी दांपत्यें : त्यांचा स्नेह व नित्यक्रम

सातारा व सांगली या प्रांतांत अमेरिकन मिशनऱ्यांनीं केलेल्या कामाचा विचार करतांना शाळा, रुग्णालयें, ग्रंथप्रकाशन आणि धर्मांतर या चार गोष्टींकडे अभ्यासकांचें लक्ष सहज जातें. या चारही गोष्टींना ज्याचा आधार होता त्या पांचव्या गोष्टीचा, म्हणजे मिशनरी कुटुंबाच्या घराचा, विचार मात्र क्वचित् केला जातो. धर्मांतराच्या इष्टानिष्टतेचा प्रश्न येथें हातीं घेतलेला नाहीं. तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षें परदेशांत काढणारीं पति-पत्नी कशीं राहत, त्यांस कोणाचा आधार असे, आणि वार्धक्य आल्यावर तीं आपलें घर कोठें मानीत, एवढेंच प्रस्तुत लेखांत पहावयाचें आहे.

प्रथम प्रदेशाची मर्यादा सांगणें अवश्य आहे. आजचा सांगली जिल्हा १९४९ सालीं 'दक्षिण सातारा' या नांवानें बनला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. तत्पूर्वीं वाळवें, तासगांव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यांत मोडत, तर सांगली व मिरज हीं पटवर्धनांचीं संस्थानें होतीं. मिशनच्या व्यवस्थेंतही असेच दोन भाग होते. सातारा, वाई, महाबळेश्वर हा भाग मुंबई व नगर येथून काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनकडे होता; कोल्हापूर, सांगली, मिरज हा भाग १८७० नंतर प्रेसबिटेरियन मिशनकडे आला. संस्था दोन असल्या तरी माणसें एकमेकांच्या परिचयाचीं, भाषा एकच मराठी, आणि उन्हाळ्यांतील विसाव्याचें ठिकाणही बहुधा एकच, ही गोष्ट पुढील विवेचनांत ध्यानीं ठेवावी.

१. स्नेहाची निकड

मुंबईस पहिले अमेरिकन मिशनरी १८१३ सालीं उतरले. त्या काळीं बोस्टनहून मुंबईस शिडाच्या जहाजानें, आफ्रिकेस वळसा घालून, येण्यास सुमारें चार महिने लागत. १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला होईपर्यंत पत्र लिहून त्याचें उत्तर हातीं येण्यास बराच काळ जाई. आईच्या आजाराची वार्ता येई तेव्हां आई बरी तरी झालेली असे किंवा निवर्तलेली तरी असे. रक्ताचें नातें अशा रीतीनें कागदावरच उरल्यामुळें शेजारच्या ठाण्यांतील दांपत्य हेंच भाऊ-भावजय व बहीण-मेहुणे यांच्या जागीं येई. मिशनरी कुटुंबांतील मुलें ज्येष्ठ मिशनऱ्यांस काका-मावशी म्हणत, त्यास शिष्टाचाराइतकाच गरजेचाही आधार होता.

दुसरें कारण याहून कठीण होतें. मुलें सात-आठ वर्षांचीं झालीं म्हणजे त्यांस शिक्षणासाठीं अमेरिकेस पाठविण्याचा प्रघात होता. दक्षिणेंत कोडाईकनाल येथें अमेरिकन मुलांची शाळा १९०१ सालीं निघाली; त्यापूर्वीं मुलांस नातेवाइकांकडे, नाहीं तर मॅसॅच्युसेट्समधील ऑबर्नडेल येथील वॉकर-गृहासारख्या मिशनरी-बालकांच्या वसतिगृहांत ठेवावें लागे. सात वर्षांची मुलगी आईपासून निघून जाई आणि पुढील भेटीच्या वेळीं आईच्या खांद्याला लागलेली असे. बंगल्यांत वयस्क पति-पत्नी दोघेंच उरत. मुलें ज्यांचीं दूर, त्यांचा स्नेह ज्यांचीं मुलें दूर अशांशींच जडावा, हें स्वाभाविक आहे.

२. दिवसाचा क्रम

या दांपत्यांचा दिवस पहाटे उजाडण्यापूर्वीं सुरू होई. चहा व थोडी भाकरी-पाव अशी 'छोटी हाजरी' घेऊन साहेब घोड्यावरून किंवा टांग्यानें शाळांच्या तपासणीस निघे. बाईचा दरबार व्हरांड्यांत भरे. खरजेचें मूल, डोळे आलेली म्हातारी, तापानें कण्हणारा माळी, सासरीं छळ सोसणारी सून, शाळेची फी मागावयास आलेला मुलगा, सारे तेथेंच बसत. औषधाच्या चार बाटल्या व कुनाइन एवढ्यावर कित्येक मिशनरी स्त्रियांनीं वर्षानुवर्षें असा दवाखाना चालविला. मग मुलींची शाळा, शिवणवर्ग, घरांतील नोकरांचा हिशेब. दुपारीं विश्रांति, नंतर शास्त्रीबुवा किंवा पंतोजी यांच्यापाशीं मराठीचा पाठ. वीस वर्षें मराठी बोलूनही पाठ सुटत नसे, असें कित्येकांच्या बाबतींत होतें. सायंकाळीं प्रार्थना, आणि दिव्याच्या उजेडांत पत्रलेखन.

विलायती टपालाचा दिवस आठवड्यांत मुख्य. त्या दिवशीं दुसरें काम मागें पडे. ही पत्रें आज इतिहासाचें साधन आहेत. सांगलीच्या औद्योगिक व शेतकी शाळेशीं संबंध असलेले जॉन गोहीन हे पुढें इचलकरंजी संस्थानचे कारभारी झाले. तेथून त्यांनीं आपल्या आईस लिहिलेलीं पत्रें पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं आहेत. संस्थानी कारभाराची हकीकत आईस लिहिलेल्या पत्रांतून हातीं यावी, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. दफ्तरांत निर्णय सांपडतो. तो घेणाऱ्याच्या मनाची स्थिति घरगुती पत्रांत सांपडते.

हिंवाळा आला म्हणजे हा क्रम पालटे. राहुट्या, पेट्या, भांडीं बैलगाड्यांवर लादून दांपत्य गांवोगांव हिंडे. आमराईंत किंवा ओढ्याकांठीं मुक्काम पडे. पुरुष चावडीपुढें बोले, स्त्री घरांतील बायकांत जाई. परक्या पुरुषास जेथें उंबरठा ओलांडतां येत नसे तेथें तिला पाट मिळे. ही वाट स्त्रीवांचून खुली होणें शक्यच नव्हतें. असें असतां अमेरिकन बोर्डाच्या जुन्या याद्यांत विवाहित स्त्रीचा दर्जा 'सहायक मिशनरी' असा लिहिलेला असे, व वृत्तान्तांत तिचें स्वतःचें नांव पुष्कळदां येतच नसे. अमुक साहेब 'सपत्नीक', एवढ्यावर भागे.

३. महाबळेश्वरची बैठक

एप्रिल-मेमध्यें देशावरील उन्हाळा असह्य झाला कीं हीं कुटुंबें महाबळेश्वरीं किंवा पांचगणीस चढत. १८२९ च्या सुमारास गव्हर्नर माल्कम व छत्रपति प्रतापसिंह यांच्यांत व्यवस्था होऊन महाबळेश्वरची वस्ती वाढीस लागली होती. वाईहून पसरणीचा घाट चढतांना बैलगाडीस सबंध रात्र लागे. वर मात्र वर्षभर न भेटलेलीं माणसें भेटत. नव्यानें आलेल्या मिशनऱ्यांसाठीं पुढें तेथेंच उन्हाळी मराठी वर्ग भरूं लागला. वयस्क दांपत्यांचें तेथें दुहेरी काम असे: आपला शीण घालविणें, आणि नवपरिणीत तरुण जोडप्यांस या देशांत कसें राहावें हें शिकविणें. पाणी उकळून प्यावें, उन्हांत टोपीवांचून जाऊं नये, आचाऱ्याशीं 'तूं' म्हणून बोलावें कीं 'तुम्ही' म्हणून, शास्त्रीबुवांस बसावयास काय द्यावें, हीं ज्ञानें छापील पुस्तकांत नसत. पावसाळ्यापूर्वीं बंगल्यांच्या भिंतींस गवताचे कूड लावून मंडळी खालीं उतरत, तीं वर्षभराची शिदोरी बांधूनच.

४. चार उदाहरणें

अॅलन ग्रेव्हज व त्यांची पत्नी मेरी हीं १८१८ सालीं मुंबईस आलीं. ग्रेव्हज यांनीं बायबलच्या मराठी भाषांतरास हात लावला होता. प्रकृति ढासळल्यावर दांपत्य महाबळेश्वरीं राहिलें व १८४३ च्या अखेरीस ग्रेव्हज तेथेंच वारले. त्या वेळीं मेरीबाईस या देशांत पंचवीस वर्षें झालीं होतीं. परत जाण्यास मोकळीक असतां ती गेली नाहीं. पुढें कित्येक वर्षें तिचें नांव महाबळेश्वर व सातारा या ठाण्यांशीं जोडलेलें आढळतें. १८४८ सालीं सातारचें राज्य खालसा झालें. मिशनचें सातारा ठाणें १८४९ चें. राज्य जातांना व ठाणें येतांना या डोंगरावर ही विधवा होतीच.

दुसरें उदाहरण रॉयल व एलायझा विल्डर यांचें. १८४६ सालीं तीं नगरास आलीं व १८५२ सालीं कोल्हापुरास गेलीं. शाळांवर किती भर द्यावा याविषयीं विल्डर व बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन यांचा तीव्र मतभेद झाला. बोर्डानें पाठविण्याचें नाकारलें, तेव्हां १८६१ सालीं हें दांपत्य स्वतःच्या जबाबदारीवर कोल्हापुरास परतलें. वेतनाची निश्चिति नाहीं, मागें संस्था नाहीं, अशा स्थितींत पत्नीची संमति नसती तर हें घडलें नसतें. १८७० सालीं प्रेसबिटेरियन बोर्डानें त्यांस आपल्याकडे घेतलें. त्यांचा पुत्र रॉबर्ट याचा जन्म १८६३ सालीं कोल्हापुरचा; अमेरिकेंतील विद्यार्थी-स्वयंसेवक चळवळीचा तो एक प्रवर्तक होय. पुढें अमेरिकेस गेलेल्या विल्डरसाहेबांचा पुन्हां हिंदुस्थानांत येण्याचा बेत होता. परंतु ऑक्टोबर १८८७ मध्यें न्यूयॉर्क येथें त्यांस मृत्यु आला. त्यानंतर लवकरच एलायझाबाई कन्या ग्रेससह कोल्हापुरास परतल्या. मायलेकींनीं पुढें त्या वेळच्या सातारा जिल्ह्यांत, वाळवें तालुक्यांतील इस्लामपूर येथें खेड्यांत राहून काम केलें. आयुष्याची संध्याकाळ विल्डरबाईंनीं पतीच्या देशांत काढली नाहीं. पतीच्या कर्मभूमींत काढली.

तिसरें उदाहरण सातारचें. हेन्री ब्रूस व त्यांची पत्नी हेप्झिबा हीं १८६० नंतरच्या दशकाच्या आरंभीं या देशांत आलीं, आणि त्यांच्या उत्तरायुष्याचा मोठा भाग साताऱ्यास गेला. ब्रूस यांनीं कोलंबियन प्रेस नांवाचा लहानसा छापखाना चालवून मराठी पत्रकें काढलीं. १९०९ सालीं त्यांचें निधन झालें. हे केवळ पाहुणे नव्हते, हें सांगण्यास एवढा दीर्घ काल पुरेसा आहे.

चौथें उदाहरण मिरजेचें. विल्यम वॉनलेस हे १८८९ सालीं पत्नी मेरी हिच्यासह सांगलीस आले व तेथें त्यांनीं लहानसा दवाखाना काढला. नंतर ते मिरजेस गेले. तेथील रुग्णालय १८९४ सालीं उघडलें. मेरीबाईच्या निधनानंतर लिलियन हॅवन्स या त्यांच्या सहधर्मचारिणी झाल्या. १९१० च्या सुमारास डॉ. चार्ल्स व्हेल येऊन मिळाले, आणि दोन डॉक्टरांचीं दोन घरें एका रुग्णालयाच्या आश्रयानें नांदूं लागलीं. एक शस्त्रक्रियेंत असतां दुसऱ्यानें रोगी पहावे, एक रजेवर गेला कीं दुसऱ्यानें भार उचलावा, हा क्रम वॉनलेस १९२८ सालीं मिरज सोडीपर्यंत चालला. असा क्रम नुसत्या नियमांनीं टिकत नाहीं. दोन घरांत मन मोकळें नसतें तर दोन चुलींच्या धुरांत रुग्णालय केव्हांच गुदमरलें असतें. वाई येथेंही लेस्टर बील्स व रोझ फेअरबँक बील्स या डॉक्टर दांपत्यानें रुग्णालय चालविलें. तेथें तर पत्नी स्वतःच वैद्यकशास्त्रांत निष्णात होती.

५. स्नेहाच्या मर्यादा

हें चित्र एकांगी होऊं नये. बंगल्याच्या आवाराला भिंत होती, आणि ती केवळ दगडाची नव्हती. गोऱ्या मिशनऱ्याचें वेतन व एतद्देशीय सहकाऱ्याचें वेतन यांत मोठें अंतर असे. कारभाराचा शब्दही बराच काळ परदेशी मंडळीकडेच राहिला. रे. नारायण वामन टिळक यांनीं १९१७ सालीं मिशनची चाकरी सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला, त्यामागें ख्रिस्ती धर्म या भूमीच्या रीतीनें रुजावा ही तळमळ होती. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रें' या ग्रंथांत मिशनच्या आवारांतील संसार मराठी स्त्रीच्या डोळ्यांनीं पाहावयास मिळतो. त्यांत ममताही आहे आणि अंतरही आहे. मिशनऱ्यांनीं स्वतः लिहिलेल्या वृत्तान्तांशेजारीं हा ग्रंथ ठेवल्यावांचून न्याय होणार नाहीं.

६. निष्कर्ष

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत वानप्रस्थास दोन मार्ग सांगितले आहेत: भार्येस पुत्रांच्या स्वाधीन करून वनांत जावें, किंवा तिच्यासह जावें. या परदेशी दांपत्यांनीं, ज्ञात नसतां, दुसरा मार्ग धरला. आणि पति गेल्यावरही ग्रेव्हजबाई व विल्डरबाई वनांतून परतल्या नाहींत. बायकोनें नवऱ्यामागें जावें म्हणून त्या आल्या होत्या असें म्हणावें, तर नवरा नसतां त्यांचें राहणें उलगडत नाहीं. त्यांच्या दृष्टीनें काम त्यांचें स्वतःचेंच होतें, आणि स्नेहाचीं माणसेंही येथेंच होतीं, असें मानल्यासच तें उलगडतें. म्हणून मिशनच्या इतिहासाचें मूळ मान एकटा मिशनरी हें नसून घर हें धरावें, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे.

संस्कृतांत स्नेह या एकाच शब्दाचे तेल व प्रीति असे दोन्ही अर्थ आहेत. गाडा चालतो तेव्हां लोकांस चाकें दिसतात, आंसावरील तेल दिसत नाहीं. सातारा, वाई, मिरज, सांगली येथील ज्या जुन्या घराण्यांचा या दांपत्यांशीं शास्त्री, पंतोजी, वैद्य, शिक्षक किंवा शेजारी या नात्यानें संबंध आला, त्यांच्या संग्रहीं पत्रें, हिशेबाच्या वह्या, शाळेचे दाखले असतील तर तीं वाळवीच्या हवालीं होण्यापूर्वीं संशोधकांच्या दृष्टीस पडावीं. त्यांतून 'सपत्नीक' या एका शब्दामागें झांकलेल्या कित्येक स्त्रियांचीं नांवें तरी पुन्हां उजेडांत येतील.