जुन्या रिमोट बोटीची मोटर बदलायची आहे? आधी प्रोपेलर बघा, मग मोटर

काही घरांच्या माळ्यावर अजून अशी एखादी बोट सापडते. काकांनी किंवा मामांनी १९८०-९० च्या दशकात मुंबईहून नाहीतर परदेशातून आणलेली. लांब अँटेनाचा रिमोट, आत मोठी बॅटरी, मागे पितळी किंवा प्लॅस्टिकचा पंखा. बॅटरी जोडली की सुकाणू हलतं, पण पंखा काही फिरत नाही. मग आपण फोन काढतो, 'बोट मोटर' सर्च करतो आणि समोर पन्नास प्रकारच्या मोटरी येतात. कुणीतरी सल्ला देतो, "मोठी टाक ना भाऊ, जोरात पळेल." खरा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

बोटीत मोटर एकटी काम करत नाही. बॅटरी, स्पीड कंट्रोलर, मोटर, शाफ्ट आणि प्रोपेलर ही एक साखळी आहे. त्यातली एक कडी बदलली की बाकीच्या चारही कड्यांवरचा ताण बदलतो. म्हणून मोटर निवडायची ती उलट्या बाजूने, म्हणजे पाण्याकडून. चला, हे नीट समजून घेऊया.

सव्वाशे वर्षं जुनी आयडिया

निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओवर चालणारी छोटी बोट लोकांना दाखवली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याला तिचं पेटंटही मिळालं. आत बॅटरी, विजेची मोटर, सुकाणू आणि सिग्नल पकडणारा रिसीव्हर. तुमच्या माळ्यावरच्या बोटीचा सांगाडाही जवळपास हाच आहे.

आणि मोटर? ती तर तुमच्या खिशात आहे. साध्या फोनमध्ये व्हायब्रेशनसाठी बऱ्याचदा एक इवलीशी ब्रशवाली डीसी मोटर असते. तिच्या दांड्यावर एका बाजूला वजन असतं, म्हणून फोन थरथरतो. जुन्या बोटीतली मोटर त्याच तत्त्वाची, फक्त मोठी. आत फिरणारी कॉइल, बाहेर लोहचुंबक आणि कॉइलला करंट पोहोचवणारे कार्बनचे दोन ब्रश. ब्रश झिजतात, कम्युटेटर काळा पडतो आणि मोटर दम टाकते.

आधी खात्री करा, मोटर खरंच गेली आहे का?

बोट पळत नाही म्हणजे मोटर जळाली, असं धरून चालू नका. या चार गोष्टी क्रमाने तपासा.

१. बॅटरी: जुना पॅक बहुतेक निकेल-कॅडमियमचा, ६ सेलचा, ७.२ व्होल्टचा असतो. मल्टिमीटरवर व्होल्टेज बरोबर दिसेल, पण लोड आला की धाडकन खाली येईल. म्हणून मोटर चालू करताना व्होल्टेज बघा.

२. शाफ्ट: बॅटरी काढून प्रोपेलर बोटाने फिरवा. तो सहज फिरायला हवा. नळीतलं जुनं ग्रीस गोंदासारखं घट्ट झालं असेल तर नवी मोटरही तिथे अडकणार.

३. स्पीड कंट्रोलर: जुन्या बोटीत बऱ्याचदा सर्व्होने सरकणारा धातूचा स्विच आणि शेजारी रेझिस्टर असतो. त्याच्या पट्ट्यांवर गंज चढला की करंट पुढे जातच नाही.

४. मोटर: शाफ्टपासून मोकळी करा आणि थेट बॅटरीला काही सेकंद जोडा. सुरळीत फिरली तर ती निर्दोष आहे. अडखळत असेल, खूप ठिणग्या टाकत असेल किंवा जळका वास येत असेल, तर बदलायची वेळ झाली.

वायर सोडवण्याआधी सगळ्या बाजूंनी फोनवर फोटो काढून ठेवा. कुठली वायर कुठे होती, हे दोन दिवसांनी आठवत नाही.

'५४०' म्हणजे ताकद नाही, माप आहे

ऑनलाइन ३८०, ५४०, ५५०, ७७५ असे आकडे दिसतात. अनेकांना वाटतं आकडा मोठा म्हणजे स्पीड जास्त. तसं नाही. हे आकडे मुळात मोटरच्या डब्याचं माप सांगतात.

३८० ची मोटर साधारण २८ मिमी जाड असते आणि तिचा दांडा बहुधा २.३ मिमीचा. ५४० साधारण ३६ मिमी जाड, दांडा ३.१७ मिमी, पुढचे स्क्रू एकमेकांपासून २५ मिमीवर. ५५० ची जाडी जवळपास तेवढीच, पण ती लांब असते. ७७५ तर ४२ मिमी जाड आणि दांडा बऱ्याचदा ५ मिमीचा. म्हणजे ती जुन्या माउंटवर बसणार नाही आणि कपलिंगही जुळणार नाही. म्हणून ऑर्डर देण्याआधी जुन्या मोटरची जाडी, लांबी, दांडा आणि स्क्रूंमधलं अंतर मोजून घ्या. व्हर्नियर नसेल तर जवळच्या लेथवाल्याकडे पाच मिनिटांचं काम आहे.

पण माप जुळलं म्हणजे झालं असंही नाही. एकाच ५४० डब्यात वेगवेगळं वाइंडिंग असू शकतं. म्हणून लेबलवर दोन गोष्टी वाचा: किती व्होल्टला किती आरपीएम. समजा मोटरवर '१२ व्होल्ट, १२,००० आरपीएम' लिहिलंय. तुमची बॅटरी ७.२ व्होल्टची असेल तर ती रिकामी साधारण ७,२०० आरपीएमच फिरेल. टगबोटीला ते चालेल, स्पीडबोटीला नाही.

पाण्याचं गणित

कारचं चाक जमिनीवर फिरतं, बोटीचा पंखा पाण्यात. पाणी खूप वेगळं वागतं. एकच प्रोपेलर दुप्पट वेगाने फिरवायचा तर ढोबळमानाने आठपट पॉवर लागते. वेगाचा घन होतो.

आता उदाहरण घ्या. जुनी बोट ७.२ व्होल्टवर १० अँपिअर घेत होती. तुम्ही तोच प्रोपेलर ठेवून बॅटरी आणि मोटर अशी बदलली की पंखा दीडपट वेगाने फिरेल. पॉवर लागेल सुमारे ३.४ पट. व्होल्टेज दीडपट वाढवलं असलं तरी करंट सव्वादोन पट, म्हणजे २२.५ अँपिअर. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून जुन्या बारीक वायरी पाचपट तापणार. बोट पळेल, पण काही मिनिटांतच स्विच, वायर किंवा मोटर यांपैकी काहीतरी वितळेल.

म्हणूनच 'आधी प्रोपेलर बघा'. मूळ प्रोपेलर ठेवणार असाल तर मूळ मोटरच्याच मापाची, व्होल्टेजची आणि आरपीएमच्या जवळची मोटर घ्या. जास्त आरपीएमची घ्यायचीच असेल तर प्रोपेलर लहान करा.

विहिरीतली मोटार आणि बोटीतली मोटर

खानदेशात शेती असलेल्या घरात हे वेगळं सांगायला नको. पाणबुडी मोटार भोवतीच्या पाण्याने थंड राहते. विहिरीचं पाणी खाली गेलं आणि ती कोरडी चालली की वाइंडिंग जळतं. बोटीत गंमत उलटी आहे: बोट पाण्यावर, पण मोटर बंद डब्यात, जिथे हवाही खेळत नाही. त्यात मे महिन्यात जळगाव-धुळ्याला पारा ४४-४५ अंशांवर जातो, म्हणजे सुरुवातच तापलेली.

यावर उपाय म्हणून मोटरभोवती अ‍ॅल्युमिनियमची गुंडाळी किंवा जॅकेट बसवतात. बोटीच्या तळाशी एक छोटी नळी पुढे तोंड करून असते. बोट धावली की पाणी आपोआप आत शिरतं, मोटरभोवती फिरतं आणि बाजूने बाहेर पडतं. वेगळा पंप लागत नाही. मंद चालणाऱ्या बोटीला बहुतेक वेळा याची गरज नसते, वेगवान बोटीला असते.

शेतातल्या स्टार्टरमध्ये जसा ओव्हरलोड रिले असतो, तसा बोटीत बॅटरीजवळ फ्यूज टाका. कारच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळणारा पट्टीचा फ्यूज चालतो. तलावातली जलपर्णी किंवा नायलॉनचा दोरा पंख्यात गुंतला की मोटर जागच्या जागी अडकते आणि करंट एकदम उसळतो. तेव्हा आधी फ्यूज उडायला हवा, बोट पेटायला नको.

ब्रशची ठेवू की ब्रशलेस टाकू?

ब्रशलेस मोटर म्हणजे ड्रोनमध्ये असते ती. ब्रश नाहीत, झीज कमी, तेवढ्याच आकारात ताकद जास्त. तिच्यावर 'केव्ही' लिहिलेलं असतं. याचा किलोव्होल्टशी संबंध नाही. एका व्होल्टला किती आरपीएम, एवढाच अर्थ. २,००० केव्ही गुणिले ७.४ व्होल्ट म्हणजे रिकामी १४,८०० आरपीएम.

पण तिला तीन वायरी असतात आणि वेगळा इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर, म्हणजे ईएससी लागतो. जुना सरकता स्विच तिथे चालत नाही. उलटी फिरली तर तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करा, थ्री-फेज पंपाला करतात तसंच. ब्रशच्या मोटरला दोनच वायरी, त्या उलट केल्या की झालं.

आणखी एक बारीक गोष्ट. जुन्या बोटीत रिसीव्हरला चार पेन्सिल सेलची वेगळी बॅटरी असते. नवा ईएससी बऱ्याचदा स्वतःच रिसीव्हरला ५-६ व्होल्ट देतो. दोन्ही एकदम जोडू नका, एक काढा.

खेळण्यातली साधी बोट असेल, जिच्यात रिसीव्हर आणि मोटरचं सर्किट एकाच बोर्डवर आहे, तर ब्रशलेसच्या नादी लागू नका. त्या बोर्डचे ट्रान्झिस्टर थोडाच करंट झेलतात. तिथे मूळ मोटरसारखीच मोटर टाका.

बॅटरी: इथे धाडस नको

सर्वात सोपा पर्याय म्हणजे ७.२ व्होल्टचा निकेल-मेटल-हायड्राइड पॅक. जुन्या जागेत बसतो आणि चुका पोटात घालतो. लायपो बॅटरी हलकी आणि दमदार, पण ती तुमच्या फोनच्या बॅटरीची जातभाई आहे. तुमच्या फोनमध्ये तिला सांभाळणारं सर्किट असतं, बोटीतल्या पॅकमध्ये ते सहसा नसतं. एक सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की खराब होतो. जुना स्विच तिथे थांबवत नाही, त्यासाठी कट-ऑफ असलेला ईएससीच हवा. निकेलच्या चार्जरवर लायपो कधीही लावू नका. फुगलेला पॅक टोचू नका, वापरू नका आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

बसवताना

मोटरचा दांडा आणि प्रोपेलरचा शाफ्ट एका रेषेत हवा. आधी दोन्ही एका सरळ नळीत घालून रेष जुळवा, मोटरचे स्क्रू आवळा आणि मगच नळी काढून कपलिंग लावा. रेष चुकली तर घरघर येते आणि करंट वाढतो.

ब्रशच्या मोटरवर '१०४' लिहिलेले तीन सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा: एक दोन टर्मिनलमध्ये, बाकीचे दोन प्रत्येक टर्मिनलपासून मोटरच्या डब्यावर. ब्रशच्या ठिणग्या रेडिओचा गोंगाट करतात. जुन्या २७ मेगाहर्ट्झच्या रिसीव्हरला तो लगेच जाणवतो आणि सुकाणू आपोआप थरथरायला लागतं.

शाफ्टच्या नळीतलं जुनं ग्रीस साफ करून वॉटरप्रूफ ग्रीस भरा. बॅटरी हलकी झाली असेल तर बोटीचा तोल बदलतो, म्हणून बॅटरी मागे-पुढे सरकवून बोट पाण्यात सपाट बसते का ते बघा.

आधी टपात, मग तलावात

पहिली चाचणी घरच्या मोठ्या टपात. बोट हाताने घट्ट धरा आणि ३० सेकंद चालवा. करंट मोजायला डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर हवा. इलेक्ट्रिशियनकडचा साधा क्लॅम्प बऱ्याचदा फक्त एसी मोजतो. मल्टिमीटरची १० अँपिअरची रेंज इथे अपुरी पडू शकते. धरलेली बोट धावणाऱ्या बोटीपेक्षा जास्त करंट खाते, त्यामुळे हा आकडा ईएससीच्या मर्यादेत बसला तर पुढे चिंता कमी. मग मोटरला बोट लावा. ठेवता येत नसेल इतकी तापली असेल तर प्रोपेलर लहान करा.

जळगावात मेहरूण तलाव मोठा आहे, पण तिथे जलपर्णीपासून आणि माणसांपासून लांब चालवा. धुळ्यातला नकाणे तलाव शहराला पिण्याचं पाणी देतो. ग्रीस लावलेली बोट तिथे सोडण्यापेक्षा शेततळं शोधा आणि मालकाला विचारून घ्या.

शेततळ्याला प्लॅस्टिकचा कागद असतो. ओला झाला की तो इतका घसरडा होतो की पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही. म्हणून बोट मधे बंद पडली तर पाण्यात उतरायचं नाही. गळाच्या दोरीला हलका चेंडू बांधून बोटीच्या पलीकडे फेका आणि हळू ओढून आणा. ही दोरी सोबत नसेल तर त्या दिवशी बोट पाण्यात सोडू नका.

आणि काढलेली जुनी मोटर फेकू नका. बंद डब्याच्या मोटरचे ब्रश बदलता येत नाहीत हे खरं, पण तिचं माप, तिचे स्क्रू आणि तिच्यावरचं लेबल पुढच्या वेळी लागेल. एका पिशवीत घालून, तारीख आणि नव्या मोटरचा नंबर लिहून बोटीच्याच खोक्यात ठेवा. वीस वर्षांनी माळा साफ करणाऱ्याचं अर्धं काम तिथेच झालेलं असेल.